सोवळ्यातलं गजकर्ण

चिंतामणरावांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, आणि तीही आगीचे दावे तपासण्यात. जळालेल्या गोदामात नाकाला रुमाल लावून शिरायचं आणि आग नेमकी कुठून लागली ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरात दूध उतू गेलं की गॅसपाशी उभं राहून त्यांची चौकशी सुरू व्हायची, आणि उर्मिलाबाई ओटा पुसता पुसता म्हणायच्या, "अहो, मीच विसरले. करा आता केस बंद."

अशा माणसाला गजकर्ण झालं, म्हणजे ते आलं कुठून याचा छडा लागेपर्यंत घरात कोणाला स्वस्थता मिळणार नव्हती हे उघडच होतं.

छडा त्यांनी गेल्या दिवाळीतच लावला होता. त्यांची एकुलती एक लेक जुई, तिचं लग्न त्याआधीच्या उन्हाळ्यात झालं. जावई वैभव लालबागचा. घरचे मूळ मालवणकडचे, आजोबा आणि वडील दोघंही गिरणीत. हा मात्र शिकून लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर झालेला. मुलगा चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि खोट काढायची सवय असलेल्या सासऱ्याला हे जरा अवघडच जात होतं. दिवाळसणाला जावयाला पाटावर बसवून उर्मिलाबाईंनी तेल लावलं. चिंतामणराव उटण्याची वाटी धरून बाजूला उभे होते. पंच्याच्या काठावर, कमरेपाशी, त्यांना एक चट्टा दिसला. गोल, लाल, कडेला बारीक पुरळ आणि मधे साफ.

त्यानंतर पंधरवड्यात त्यांनी आरशापुढे उभं राहून स्वतःची कंबर पाहिली, तर तिथेही तस्संच वर्तुळ.

आता खरं सांगायचं तर त्यांची कंबर त्याच्या कितीतरी आधीपासून खाजत होती. पावसाळ्यापासूनच. पण तेव्हा ती उष्णता होती, घामोळं होतं, नव्या साबणाचा दोष होता. सब्जा खाऊन झाला होता, पावडर फासून झाली होती. जावयाच्या कमरेवर वर्तुळ दिसल्याबरोबर सासऱ्याच्या उष्णतेचं गजकर्ण झालं, आणि त्याचा उगम लालबाग हेही ठरलं. माणसाला हवं ते सापडलं की तो पुढे शोधत नाही. आगविभागातला माणूस झाला तरी.

"त्या चाळीत एका नळावर पन्नास माणसं," ते उर्मिलाबाईंना म्हणाले. "टॉवेल कुणाचा, पंचा कुणाचा, पत्ता नसतो."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं?"

मग घरात एक मरून रंगाचा टॉवेल आला. तो बाल्कनीतल्या दांडीच्या अगदी टोकाला, इतरांपासून वीतभर अंतर राखून लटकू लागला. जावई येईल तेव्हा त्याने तोच वापरायचा. वैभवने पहिल्याच खेपेला तो टॉवेल ओळखला आणि काही न बोलता वापरला. जुईला समजायला संक्रांत उजाडली. समजलं तेव्हा ती वडिलांकडे नुसती पाहत राहिली, आणि ते पाहणं चिंतामणरावांना आवडलं नाही.

इकडे कंबर काही ऐकेना. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज पळायची आणि आठवड्याने वर्तुळ दुप्पट होऊन परत यायचं. पुढे तर एकाची तीन झाली आणि पाठीकडे सरकली. शेवटी उर्मिलाबाईंनी हात धरून त्यांना दादरला डॉक्टर संघमित्रांकडे नेलं. संघमित्रा वयाने जुईहून थोडी मोठी, बोलायला सरळ. तिने ती ट्यूब चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"यात स्टिरॉइड आहे, काका. खाज दाबते, आणि खाली बुरशीला रान मोकळं करून देते. आता गोळ्या घ्यायच्या, हे मलम लावायचं, कडेच्या बाहेर दोन बोटांपर्यंत. आणि सगळे कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायचे. सगळे म्हणजे सगळे."

चिंतामणरावांनी शब्दन् शब्द पाळला. चड्ड्या उकळल्या, बनियनं उकळली, चादरींना इस्त्री झाली. उर्मिलाबाईंचा निम्मा दिवस बादलीत जाऊ लागला. कंबर साफ झाली. औषध थांबलं, आणि महिन्याभरात, भर श्रावणात, पुन्हा तेच वर्तुळ त्याच जागी हजर.

"जुई आणि तो आले होते ना मागच्या रविवारी?" चिंतामणराव म्हणाले.

आणि मग ते बोलले, जे बोलायला नको होतं. दर वर्षी त्यांच्याकडे गणपतीची पूजा घरातला पुरुष करी. मुलगा नाही, म्हणून गेल्या वर्षी मोठ्या मनाने त्यांनी पूजेचा मान नव्या जावयाला दिला होता. "यंदा पूजा मीच करेन," ते फोनवर जुईला म्हणाले. "वैभवने लांबून नमस्कार केला तरी चालेल. देवाचं काम आहे, अंगाला काही असताना बरं नव्हे."



"बाबा," जुई म्हणाली, "तो लांबून नमस्कार करणार असेल तर मी त्याच्यासोबत लांबच उभी राहीन. लालबागला. आमच्याकडेही गणपती असतो."

तिने फोन ठेवला. उर्मिलाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि हे फार वाईट लक्षण होतं. त्यांनी माळ्यावरून काढलेली मोदकपात्रं पुन्हा माळ्यावर ठेवायला घेतली. "चार माणसांचे मोदक करायचे म्हणून काढली होती," त्या म्हणाल्या. "दोघांना कुकरमधेही होतात."

लेकीवाचून गणपती. चिंतामणरावांना रात्री जेवण गेलं नाही. त्यांना आपली चूक झाली असं वाटत नव्हतं, पण आपण बरोबर आहोत याचा आनंदही होईना.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दादरला गेले. संघमित्राने त्यांना उभं केलं, शर्ट वर धरायला सांगितला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग पेन घेऊन तिने चट्ट्यांच्या कडा आखल्या आणि त्यांना आरशासमोर नेलं.

"काय दिसतं?"

"गजकर्ण."

"नीट बघा. हा पट्टा आहे, काका. पोटापासून पाठीपर्यंत. तुमची पँट बसते इथे, चड्डीचं इलॅस्टिक त्याच्याही खाली. आणि हा पट्टा त्याच्या दोन बोटं वर. इथे तुम्ही काय बांधता?"

"काही नाही."

"काहीतरी बांधता. घट्ट, रोज, आणि बहुतेक अंग ओलं असताना."

चिंतामणराव हसले. "म्हणजे पूजेला मुकटा नेसतो तेवढाच. आंघोळ झाली की ओलेत्यानेच. पण तो कपडा नव्हे, सोवळं आहे."

"ते धुता कधी?"

आता मात्र त्यांना तिच्या अज्ञानाची कीव आली. "डॉक्टर, रेशमी सोवळं धुवत नाहीत. रेशीम विटाळत नाही. माझ्या आजोबांचा आहे तो. आजोबांनी नेसला, वडिलांनी नेसला. घरात त्याला कोणी हात लावत नाही, काठीने काढायचा आणि काठीनेच वर ठेवायचा."

"वर म्हणजे कुठे?"

"पॅसेजमधे बांबू लावलाय. छताला."

"ऊन येतं तिथे?"

त्यांच्या जुन्या इमारतीच्या जागी टॉवर उभा राहिला तेव्हा अकराव्या मजल्यावरच्या त्या चकचकीत घरात बांबू लावायला इंटिरियरवाला तयार नव्हता. त्याच्याशी भांडून चिंतामणरावांनी तो लावून घेतला होता, न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या पॅसेजमधे. तिथे दिवसाही दिवा लावावा लागायचा.

"ओल, ऊब, अंधार," संघमित्रा म्हणाली. "बुरशीला अजून काय लागतं? कपड्यात ती महिनोन् महिने जिवंत राहते. तुम्ही गोळ्या खाऊन अंग साफ करता आणि रोज सकाळी ती पुन्हा कमरेला बांधून घेता. आता पाय दाखवा."

"पाय कशाला?"

"दाखवा तर."

त्यांनी मोजे काढले. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सुटलेली होती. "ह्या चिखल्या," ते म्हणाले. "दर पावसाळ्यात होतात. वर्षानुवर्षं."

"हं. बुरशीचं घर सापडलं. इथून चड्डी वर ओढताना ती जांघेत गेली, जांघेतून कमरेला, कमरेवरून मुकट्यात. ह्या चिखल्याही तिच्याच भाऊबंद आहेत, काका, बाहेरून कोणी आलेलं नाही. हा मुकटा घरात आणखी कोणी नेसतं?"

चिंतामणरावांना गेल्या वर्षीची चतुर्थी आठवली. मुकटा कसा नेसायचा हे वैभवला येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः त्याला नेसवला होता. कमरेशी गाठ घट्ट मारली होती. सुटू नये म्हणून जरा जास्तच घट्ट. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा कमरेला होता आणि वळसा थेट लालबागला.

ते ठाकूरद्वारला घरी गेले नाहीत. टॅक्सीवाल्याला त्यांनी लालबाग सांगितलं.

वैभवचं घर चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. शनिवार असल्यामुळे तो घरी होता आणि गॅलरीत, लख्ख उन्हात, दोरीवर कपडे वाळत घालत होता. प्रत्येक कपडा झटकून, उलटा करून. दोरीवर चार टॉवेल चार चिमट्यांच्या जोड्यांनी वेगवेगळे टांगलेले. चिंतामणराव जिन्याच्या तोंडाशी थांबून ते पाहत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

आत विहीणबाई, कमलताई, चिंचेने समया घासत बसल्या होत्या. गडबडीने हात धुवून त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा, बसा व्याहीनू. जुई क्लासला शिकवूक गेली, येतली इतक्यात. च्या टाकतंय."

चिंतामणराव बसले नाहीत. "वैभव," ते म्हणाले, "तू कोणा डॉक्टरांना दाखवलं होतंस? त्यांनी तुला मुकट्याबद्दल विचारलं होतं?"

वैभवच्या हातात बादली होती. त्याने आईकडे पाहिलं. "आई, तू सांगितलंस?"

"मी खंय सांगलंय? तेंचा तेंनीच शोधल्यानी."

म्हणजे यांना माहीत होतं. चिंतामणरावांना आता बसावंच लागलं.

"गेल्या दिवाळीनंतरच कळलं होतं," वैभव म्हणाला. त्याला संकोच झाला होता, जणू चूक त्याचीच होती. "डॉक्टर बोलले, कमरेवर असा सरळ पट्टा, काय बांधतोस? मी म्हटलं, काही नाही, फक्त गणपतीला… मग माझी ट्यूब पेटली. पंधरा-वीस दिवस गोळ्या घेतल्या, गेलं ते. संपला विषय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? वर्षभर? तो टॉवेल वापरत राहिलास?"

"बाबा, तुम्ही मला मुकटा नेसवत होता ना, तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या वडिलांनंतर याला माझ्याशिवाय कोणाचं अंग लागलेलं नाही, आज तू. आता असं बोलल्यावर मी काय सांगणार? की त्याच्यातून मला गजकर्ण झालं म्हणून? टॉवेलचं काय, अंग पुसतो तो. मरून तर मरून."

"जुईला?"

"तिला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी येऊन मुकट्याचं पायपुसणं केलं असतं."

कमलताई चहा घेऊन आल्या. "माका शपथ घातल्यान होती," त्या म्हणाल्या. मग कप हातात देताना त्यांना राहवलं नाही. "पण एक सांगतंय व्याहीनू, राग मानू नकात. ठाकूरद्वार काय नि लालबाग काय, गजकर्ण काय पत्तो इचारून येता?"

"नाही," चिंतामणराव म्हणाले. "पत्ता मीच चुकीचा लिहिला. माझ्या घरातनं निघालं आणि मी तुमच्या दारावर चिकटवलं. वैभव, माझं चुकलं. फार चुकलं."

वैभवने बादली खाली ठेवली आणि काय करावं न सुचून सासऱ्याच्या पाया पडला. त्या घाईत चहा हिंदकळून चिंतामणरावांच्या पँटवर सांडला. कमलताई हसल्या, मग तिघंही हसले. तेवढ्यात जुई दारात आली आणि वडील इथे बसून हसतायत हे पाहून तिची चप्पल पायातच राहिली. सगळं ऐकल्यावर ती वडिलांवर जितकी रागावली त्याच्या दुप्पट नवऱ्यावर रागावली. "संत आहेस का तू? वर्षभर मी यांच्याशी भांडतेय आणि तुला खरं माहीत होतं?" ती म्हणाली, आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. चिंतामणरावांना किती दिवसांनी बरं वाटलं.

मुकटा धुवायचा असं त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा उर्मिलाबाई फक्त "बरं" म्हणाल्या आणि रिठे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची बादली पुढ्यात घेऊन चिंतामणराव न्हाणीघरात बसले. मुकटा मांडीवर होता. त्याला धुपाचा वास होता, चंदनाचा, तुपाचा, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे वडिलांचा. तो पाण्यात सोडवेना.

उर्मिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मामंजींना काय वाटेल, असंच ना?"



"मामंजी काय करायचे आठवतं? पूजा झाली की मुकटा मागच्या गॅलरीत दोरीवर. चांगलं कडकडीत ऊन यायचं तिथे. मी नवी नवरी, मला वाटायचं, एवढं सोवळं आणि उघड्यावर? एकदा विचारलं तर म्हणाले, सूनबाई, याला धुणारा सूर्य आहे." त्यांनी थांबून नवऱ्याकडे पाहिलं. "इथे पॅसेजमधे बांबू तुम्ही लावलात. त्यांनी नाही."

चिंतामणरावांनी मुकटा पाण्यात सोडला. पाणी बघता बघता चहासारखं झालं. दुसरं पाणी, तिसरं पाणी. दाट वाटणारा रंग उतरला आणि आतून एक फिका, चमकदार पिवळा वर आला, जो त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. बहुधा आजोबांनी विकत घेतला तेव्हा तो असाच होता.

वॉचमनकडून किल्ली आणून त्यांनी तो गच्चीवर वाळत घातला. वाऱ्याने उडू नये म्हणून स्वतः खुर्ची टाकून बसले. पाण्याच्या टाक्या बघायला प्लंबर आला, त्याची सावली मुकट्यावर पडली. चिंतामणरावांनी त्याला फक्त पाऊस येईल का म्हणून विचारलं.

चतुर्थीला जुई आणि वैभव सकाळीच आले. कमलताईंनी आपल्याकडची पूजा धाकट्या दिराला सांगून वैभवला मोकळं केलं होतं. जुईने सवयीने बाल्कनीत पाहिलं. दांडीवर आता चार टॉवेल होते, चौघांचे चार, सारख्या अंतरावर. डॉक्टरांचा हुकूमच होता तसा. मरून टॉवेल चिंतामणरावांनी स्वतःकडे घेतला होता.

वैभव आंघोळ करून, अंग कोरडं पुसून आला. चिंतामणराव मुकटा घेऊन उभे होते, हातात, काठीशिवाय. त्यांनी स्वतः मात्र दादरहून आणलेलं नवं कोरं सोवळं नेसलं होतं, त्याची कड अजून टोचत होती.

"बाबा, हा तुम्ही नेसा ना," वैभव म्हणाला. "घरचा आहे. मला नवा चालेल."

"एक मुकटा दोघांनी नेसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे तो एकाचाच हवा." त्यांनी गाठ मारली, बेताची. "आता तो तुझा. तुझ्यानंतर तुझ्या मुलांचा. मी मागणार नाही."

उर्मिलाबाईंनी उगीच समईची वात सारखी केली. जुईने फोन काढून फोटो घेतला.

पूजा छान झाली. वैभव मंत्रात दोनदा अडखळला आणि चिंतामणरावांनी मागून हळूच सांगितलं. आरती झाली, मोदकपात्रातली वाफ घरभर पसरली. पूजेनंतर वैभवने लेंगा चढवला, मुकट्याची नीट घडी केली, आणि गेल्या वर्षी शिकवल्याप्रमाणे पॅसेजमधे जाऊन कोपऱ्यातली काठी उचलली.

"अरे, काय करतोस?" चिंतामणराव पानावरून ओरडले. "धुवायला टाक तो."